समोरच्या ओट्यावरचं प्रस्थान

सोमवारी सकाळी नानांनी माझ्या भावाला घराबाहेर काढलं, आणि तेही ओवाळून. आईनं निरांजन फिरवलं, त्याच्या हातावर दही घातलं. अच्युतदादानं देवाला नमस्कार केला, कॉटवर उशांना टेकून बसलेल्या नानांच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि वळकटी खांद्यावर टाकून जो बाहेर पडला, तो गल्ली ओलांडून समोरच्या कृष्णरावकाकांच्या ओट्यावर जाऊन बसला. तिथून तो आमच्याकडे बघत होता आणि दारातून आम्ही त्याच्याकडे. एवढ्यानं त्याचा ग्वाल्हेरचा प्रवास सुरू झाला, असं नानांचं म्हणणं होतं. मला हसूही आलं नाही आणि रडूही नाही. नुसता संताप आला.

याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. मुहूर्ताच्या दिवशी निघणं जमत नसेल, तर त्या वेळेला आपली एखादी वस्तू सुपारी-अक्षतांबरोबर फडक्यात बांधायची आणि जायच्या दिशेला ज्यांचं घर असेल त्यांच्याकडे नेऊन ठेवायची. देवाच्या लेखी माणूस निघाला. मग एक-दोन दिवसांनी ती पुरचुंडी उचलून खरोखरचं निघायचं, वार कुठलाही असो. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या गल्लीत बहुतेक सगळी जुन्या होळकरी नोकरीतली मराठी घरं. त्यामुळे कोणाच्या ना कोणाच्या कोनाड्यात दुसऱ्याचं प्रस्थान पडलेलं असायचंच. पण ते वस्तूचं. नानांनी दादाला जातीनं प्रस्थान ठेवायला लावलं, म्हणजे त्यानं स्वतःच तिथं जाऊन राहायचं. त्याचं पथ्य कडक. मुक्काम तिथं, जेवण तिथं, आणि आपल्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. ओलांडला की प्रस्थान मोडलं.

मंगळवार आणि बुधवार उत्तरेला दिशाशूल, म्हणून सोमवार गाठायला हवा, असं नानांनी पंचांगावर बोट ठेवून सांगितलं. पंचांग खरं बोलत होतं, नाना खरं बोलत नव्हते. त्यांचं खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं.

मध्यभारत राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. होळकर दरबार गेला, त्याबरोबर नानांची नोकरी गेली, आणि त्यांच्या पेन्शनचं प्रकरण इंदूर आणि ग्वाल्हेर या दोन राजधान्यांमध्ये हेलपाटे घालत बसलं. हिवाळा आला की सगळ्या कचेऱ्या बाडबिस्तरा बांधून ग्वाल्हेरला जायच्या. दादाला सडक खात्यात इन्स्पेक्टरची जागा मिळाली होती, आग्रा रोडवर शिवपुरीच्या बाजूला. अट एवढीच की स्वतःची मोटारसायकल हवी आणि रुजू होताना ती ग्वाल्हेरच्या कचेरीत दाखवायची. नानांच्या आजारापायी त्यानं दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा उत्तर आलं की गुरुवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. फटफटी रेल्वेनं पाठवावी, तर ती कधी पोचेल हे पार्सलवाला सांगेना. तेव्हा चालवतच न्यायची, एकट्यानं, ते सुद्धा गुना-शिवपुरीकडच्या त्या दरोडेखोरांच्या रस्त्यानं. दादा तोवर महूच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

आणि इकडे नानांचं हृदय थकलेलं. पायांवरची सूज उतरेना, आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून रात्रंदिवस ते बसूनच असायचे. रविवारी डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत आवाज खाली करून सांगितलं, "आता घरातल्या कोणी परगावी जाऊ नये." नानांचे कान शाबूत होते. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी पोचलेही नसतील, यांनी पंचांग मागितलं.

"मी गेलो तेव्हा हा घरात असला, तर तेरा दिवस हलायचा नाही," ते आईला म्हणाले. "जागा गेली. मग तुम्ही दोघी काय करणार?"

"असं अभद्र बोलू नये," आई म्हणाली.

"न बोलल्यानं टळतं का? सुतक ऐकल्यावर लागतं. ऐकलं नाही तोवर नाही. तो रस्त्यावर असला, की कोण त्याला सांगायला जातंय? रुजू झाल्यावर कळवा. पाणी शाम देईल."

शाम म्हणजे माझा चुलतभाऊ, उज्जैनला असायचा. आईनं पंचांग मिटून ठेवलं. पण पोटचा मुलगा असताना शेवटचं पाणी पुतण्यानं द्यायचं, हे तिच्या घशाखाली उतरलं नाही. नवऱ्याला उलटून बोलायची तिला सवय नव्हती. ती सवय आमच्या घरात माझ्या एकटीच्या वाट्याला आली होती, आणि कॉलेजात शेवटच्या वर्षाला असल्यामुळे मला ती फारच शोभते असा माझा समज होता.

असं ते प्रस्थान. पंचांगाच्या आडून नानांनी मुलाला उंबऱ्याबाहेर ढकललं होतं. एकदा तो आत आला आणि कॉटशेजारी बसला की पुन्हा उठणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसं पाहिलं तर दादाचा दिशाशूलावर काडीचा विश्वास नव्हता. पण नानांच्या शब्दाबाहेर तो आजवर कधी गेला नव्हता.

आता फटफटी. लढाईत वापरलेली, महूच्या लष्करी लिलावातून घेतलेली, रंग उडालेली. दादानं ती सोमवारी कृष्णरावकाकांच्या अंगणात ढकलत नेली आणि उघडली. मंगळवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. मंगळवार उजाडला तेव्हा ती जोडून उभी होती, चकाचक पुसलेली, आणि सुरू होत नव्हती.

मी चहा घेऊन गेले तर दादा उकिडवा बसून प्लग इंजिनाला टेकवत होता आणि कृष्णरावकाका बनियन-मफलरमध्ये किकवर उभे होते. कृष्णरावकाका मिलमधून निवृत्त झालेले, जाडजूड, मनमोकळे.

"अरे भिया, आग तो आ रही है," काका म्हणाले. "बघ ना, दिसतेय की."

"ठिणगी पिवळी येतेय काका. निळी यायला पाहिजे. मॅग्नेटोत ओल गेलीय बहुतेक." मग माझ्याकडे वळून, "नाना कसे आहेत?"

"काल होते तसेच."

"खरं सांग, कुमुद."

"तू फटफटी बघ ना. फालतूमध्ये माझं डोकं नको खाऊ."

काल होते तसे ते नव्हते. रात्रभर त्यांच्या श्वासाचा करवतीसारखा आवाज येत होता. पण मला दादाचा राग आला होता, नानांचा आला होता, त्या मॅग्नेटोचाही आला होता. मॅग्नेटो ही ठिणगी पाडणारी वस्तू मी तोवर पाहिलीही नव्हती. ती काळी, मुठीएवढी वस्तू आता आमच्या सगळ्यांच्या उरावर बसली होती.

तो सगळा दिवस मी गल्लीत येरझारा घातल्या. आईनं स्वेटर दिला, तो नेला. दादानं विचारलं, पाण्याची पिशवी कुठंय, ती आणायला परत आले. जुनी ट्यूब, हवेचा पंप, पंक्चरचं सोल्युशन, क्लचची जादा तार, पेट्रोलचा डबा हे सगळं काकांच्या ओट्यावर मांडलेलं होतं, आणि आनंदीकाकू त्यातून वाट काढत दशम्यांचं पीठ भिजवायला दूध शोधत होत्या. आनंदीकाकू म्हणजे काकांची बायको. दुसऱ्याच्या संकटात त्यांना आधी स्वयंपाक सुचायचा, आणि तेच त्या वेळी बरं होतं. आई दारात येऊन उभी राहायची. "जेवलास का रे?" ती गल्लीच्या या बाजूनं विचारायची. "जेवलो," तो तिकडून सांगायचा. दोघंही खोटं बोलायचे, कारण ती विचारायची तेव्हा तिला दुसरंच काही विचारायचं असायचं.

दादानं मॅग्नेटो पुन्हा काढला, पुसला, त्याचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. जोडला. किक मारली. खोकल्यासारखा एक आवाज आला आणि मेला. पुन्हा काढला. स्टेशनजवळचा एक मिस्त्री येऊन बघून गेला आणि म्हणाला, "कॉइल गई, बंबई से मँगवानी पड़ेगी." मुंबईहून कॉइल यायची म्हणजे आठवडा. गुरुवार परवावर आलेला. दादानं त्याला शांतपणे निरोप दिला. मग तो विहिरीच्या कठड्याकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. त्याच्या पाठीवरून मला कळलं की तो रडतोय. मी जवळ गेले नाही.

दुपार कलल्यावर नानांचा श्वास बिघडला. ओठ काळेनिळे झाले, हात हवेत काहीतरी चाचपायला लागले. आई पंखा टाकून उठली आणि माझा दंड धरून म्हणाली, "बोलाव त्याला. मी सांगते, बोलाव. मोडू दे काय मोडायचं ते."

मला बोलावायची गरज पडली नाही. मी आमच्या ओट्यावर आले तर माझा चेहरा बघूनच दादाच्या हातातला पान्हा खाली पडला. तो गल्ली ओलांडून धावत आला. उजवा पाय त्यानं उचललाही होता.

"उंबऱ्यात कोण आहे?" आतून आवाज आला. त्या श्वासात एवढा आवाज कुठून आला देव जाणे.

दादा तिथंच थांबला, पाय अधांतरी.

"नाना, मी."

"मी म्हणजे कोण? माझा मुलगा काल निघाला."

"नाना, एकदा बघू द्या मला."

"अच्युत, तू गेला आहेस," नाना म्हणाले. आता आवाज खाली आला होता, अजिजीचा होता. "घरातल्या बायकांना उघड्यावर टाकू नकोस. जा."

दादानं पाय मागं घेतला. काळ्या ग्रीसचे हात त्यानं चौकटीलाही लावले नाहीत. तो उलट फिरला, गल्ली ओलांडली, पान्हा उचलला आणि खाली बसला.

मी आत गेले आणि नानांवर ओरडले. आजारी माणसावर, आणि तेही वडिलांवर, ओरडू नये हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "कसला बाप आहात तुम्ही? भिकारी दारात आला तर त्याला मूठभर पीठ मिळतं. रस्त्यानं जाणारा कोणी पाणी मागायला आला तर त्याला आत बोलावता, बसवता. आणि तो? मुलगा म्हणून नको ना? मग पाहुणा म्हणून तरी येऊ द्या त्याला."

माझ्या तोंडाला येईल ते मी बोलत होते. नाना मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिले. श्वास जरा खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "समोर कोणाकडे उतरलाय तो?"

"काय नाना? तुम्हाला ठाऊक नाही?"

"कृष्णरावांकडे उतरलेला माणूस आपल्याकडे भेटीला आला, तर त्यात प्रस्थानाचा काय संबंध?" ते म्हणाले. "दिवेलागणीला या म्हणावं. माझा कोट काढ."

नानांची उभी नोकरी दरबारच्या पाहुणचार खात्यात गेली होती. कोणाला स्टेशनवर घ्यायला कोणती गाडी, कोणाला सोवळ्याचं जेवण, कोणापुढं कोणी आधी बसायचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पाहुण्यानं स्वतःच्या हातानं पेला उचलला तरी त्यांना तो आपला अपमान वाटे. तेव्हा एकदा पाहुणा म्हटल्यावर त्यांनी सगळं रीतसर करायचं ठरवलं. कोटात हात घालताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. पगडी ठेवली तेव्हा ती कपाळावर घसरली, कारण डोकंसुद्धा वाळलं होतं. मी मागून उशीनं ती सावरून धरली.

दिवे लागले तसा दादा आला. रॉकेलनं घासून हात धुतलेले, तरी नखांत काळं राहिलेलं. कृष्णरावकाकांचा कोट त्याला खांद्यांत ढगळ होत होता. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं विचारलं, "दत्तोपंत आहेत का घरात?"

बापाचं नाव त्यानं जन्मात कधी असं घेतलं नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला.

"कोण? या, या," नाना म्हणाले. "आत या. कुमुद, पाय धुवायला पाणी दे."

मी तांब्या घेऊन गेले. दादानं पाय धुतले आणि उंबरा ओलांडून आत आला. कॉटवर बसायला तो वाकला, तेवढ्यात नानांनी समोरची खुर्ची दाखवली. तो खुर्चीवर बसला, अगदी कडेला.

"कुठून येणं झालं?"

"इथलाच आहे. समोर उतरलोय."

"आणि जाणं?"

"ग्वाल्हेरला. मोटारसायकलनं."

"सोबत कोण?"

"एकटाच."

"थंडीचे दिवस आहेत," नाना म्हणाले. प्रत्येक वाक्याला ते दम घेत होते. "कोटाच्या आत छातीवर वर्तमानपत्र बांधा. वारा लागत नाही. गुन्याला डाकबंगला आहे, तिथं मुक्काम करा. अंधार पडल्यावर पुढं जाऊ नका. खानसामा पैसे जास्त सांगेल, पण जेवण चांगलं देतो."

"बरं."

"आपले वडील आहेत?"

मला वाटलं आता दादा उठेल आणि नानांना मिठी मारेल आणि सगळं मोडेल. मला तेच हवंही होतं.

"आहेत," तो म्हणाला. "आजारी असतात. त्यांना तसंच टाकून निघालोय."

"टाकून कसं? त्यांनीच निघ म्हटलं असेल."

"हो."

"मग घाटात त्यांचा विचार करत बसू नका. लक्ष रस्त्यावर ठेवा. त्यांच्याजवळ माणसं आहेत." थोडं थांबून ते म्हणाले, "शहाणी माणसं आहेत. एक जरा तोंडाळ आहे."

आईनं बशीत लाडू आणला. दादानं तो हातात घेतला, तोंडाला लावला आणि तसाच बशीत ठेवला. नाना ते बघत होते. मग दादा उठला, वाकून त्यानं नानांच्या पायांना हात लावला. थोरामोठ्यांच्या घरी आलेला तरुण पाहुणा तेवढं करतोच, त्यामुळे नानांनी हरकत घेतली नाही. "येतो," तो म्हणाला.

"पाहुणे," नाना म्हणाले, "एक तसदी देऊ का?"

"द्या ना."

"तोंडाला कोरड पडलीय. तेवढं पाणी देता?"

मी पेला आणायला वळले तर आईनं माझं मनगट धरलं. ती स्वतः देवघरात गेली. तिथं काशीहून आणलेली गंगेची लोटी होती, झाळून बंद केलेली. आईनं तिचं तोंड अडकित्त्यानं फोडलं, वाटीत पाणी ओतलं, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि वाटी आणि पळी दादाच्या हातात दिली. ज्या माणसानं पाहुण्याला कधी पेला उचलू दिला नव्हता, त्यानं पाहुण्यापुढं तोंड उघडलं. दादानं एक पळी दिली, मग दुसरी. दुसऱ्या पळीचं थोडं हनुवटीवर ओघळलं, ते त्यानं स्वतःच्या बाहीनं पुसलं.

"बस," नाना म्हणाले. "झालं माझं. या आता."

दादा उंबरा ओलांडून गेला. समोरच्या ओट्याशी पोचल्यावर त्यानं आनंदीकाकूंना शेगडी मागितली.

ती युक्ती त्याला कोणी सांगितली नव्हती. ओल असेल तर सुकवून बघू, एवढंच. निखाऱ्यांवर राख पसरून त्यानं मॅग्नेटो एका ताटलीत ठेवला आणि पापड भाजावा तसा फिरवत, हात लावून बघत बसला. जेवणाच्या सुमारास मी गेले तर काका आनंदानं मला ओढतच घेऊन गेले. "देख, देख, निळी. आली की नाही निळी?" प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी टचकन उडत होती. दादाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "पहाटे निघतो," तो म्हणाला.

नाना रात्रभर एकच विचारत राहिले. "झाली का दुरुस्त?" "झाली नाना, निळी ठिणगी आलीय." जरा वेळानं पुन्हा, "झाली का?" माणूस श्वासासाठी इतका झगडतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ते पहाटेसाठी झगडत होते, आणि त्यांना मदत करता येत नव्हती म्हणून मी नुसती त्यांची पाठ चोळत बसले.

उजाडता उजाडता समोर कडी वाजली. धुकं होतं, थंडी अशी की तांब्यातलं पाणी बोटांना चावत होतं. दादानं फटफटी गल्लीत आणली. मागं वळकटी, बाजूला पेट्रोलचा डबा, कोटाखाली फुगलेलं वर्तमानपत्र. आनंदीकाकूंनी त्याला ओवाळलं, दशम्यांची पुरचुंडी हँडलला बांधली. त्यानं आमच्या दाराकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं.

पहिली किक. काही नाही. दुसरी. काही नाही.

मी आत पळाले. नाना पुढं झुकून बसले होते, आईनं त्यांना पाठीमागून धरलं होतं. दोन श्वासांच्या मध्ये आता एवढं अंतर पडत होतं की प्रत्येक वेळी वाटावं, संपलं.

"अजून नाही?" ते म्हणाले.

"आत्ता होईल. थंडीनं इंजिन गार पडलंय." मी पुन्हा बाहेर आले.

दादा किक मारत होता, थांबत होता, प्लग काढून फुंकत होता, पुन्हा मारत होता. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. "रात्री आली होती ना ठिणगी," तो स्वतःशीच म्हणत होता, "आली होती ना." काकांनी किक मारून पाहिली आणि धापा टाकत ओट्यावर बसले. पुढच्या घरांची दारं उघडायला लागली होती. आमच्या घरातून एक हुंदका बाहेर आला, की सगळं संपणार होतं. दादा फटफटी टाकून धावत येणार, ऐकणार, तेरा दिवस बसणार, आणि ग्वाल्हेरची जागा दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढणार.

मी पुन्हा दाराशी गेले. तोच आईनं आतून दार लोटून घेतलं. कडी घातल्याचाही आवाज आला. गार वारा आत येतो म्हणून असेल, असं मला वाटलं.

"ढकलू या," मी काकांना म्हणाले. "गल्लीच्या टोकाला उतार आहे. चला."

मी पदर खोचला. काकांनी एका बाजूनं धरली, मी दुसऱ्या. दादा वर बसला. गल्लीतले पुरुष मशेरी लावत बघत उभे होते, तरुण मुलगी फटफटी ढकलतेय म्हणून, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की देवा, हिला पेटव, मग आमचं काय वाटेल ते कर. उताराला लागलो. चाकं आपली आपण फिरायला लागली. दादानं क्लच सोडला, फटफटी अंग झटकून खोकली, पुन्हा खोकली, आणि अचानक सगळी गल्ली त्या आवाजानं भरून गेली.

दादानं पाय टेकून ती थोपवली. मान वळवून तो त्या धडधडाटात ओरडला, "नाना?"

"झोपलेत," मी ओरडले. "आत्ताच डोळा लागलाय. जा तू. बंद पडू देऊ नकोस."

त्यानं एकदा मान हलवली. मग फटफटी मोठ्या रस्त्याला लागली आणि देवासच्या दिशेनं वळली. काका कोपऱ्यावर हात वर करून उभे राहिले. मी परत फिरले. मला आनंद झाला होता, हे सांगायला हवं. आता नानांना सांगायचं की गेला, मग ते निवांत डोळे मिटतील, असं मनात घोळवत मी दारावर थाप मारली. कडी निघाली.

नाना उशांवर टेकवलेले होते. त्यांचे डोळे आईनं आधीच मिटवले होते. दोन्ही हात छातीवर नीट ठेवले होते, उपरणं सारखं केलं होतं. दार लोटलं त्याच वेळी ते गेले होते. दादा तेव्हा गल्लीत किक मारत होता.

आई कॉटच्या पायाशी जमिनीवर बसली होती. पदराचा एवढा मोठा बोळा तिनं तोंडात कोंबला होता की गाल फुगले होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तोंड उघडलं, तर तिनं हात वर करून मला गप्प केलं आणि कान दिला. लांबून, घरांच्या पलीकडून, फटफटीचा आवाज अजून येत होता. मी तिच्याजवळ खाली बसले. आवाज बारीक होत गेला, कुठंतरी वळणावर पुन्हा जरा मोठा झाला, मग येईनासा झाला. आई माझ्याकडे बघत होती.

"गेला," मी म्हणाले. "आता नाही ऐकू जाणार त्याला."

तेव्हा आईनं तोंडातला पदर काढला.